मीटरवरचे किलोमीटर आणि इंजिनाचे तास

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन जुन्या डिझेल गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत असं समजू. दोन्ही मारुती एर्टिगा, दोन्हींचं पासिंग २०१५चं, नंबर एमएच १४. पहिलीचं रनिंग ६८,००० किलोमीटर. मालक आकुर्डीतला, गाडी शहराबाहेर क्वचित गेलेली. दुसरीचं रनिंग १,६०,०००. तिचा मालक महिन्यातून दोन-तीनदा सोलापूरला जाऊन येणारा. विक्रेता पहिलीचे बरेच पैसे जास्त सांगतो, आणि घेणाऱ्यालाही ते रास्त वाटतं, कारण कमी चाललेली गाडी चांगली हे आपण धरूनच चाललेलो असतो. पण सोबत नेलेला अनुभवी फिटर दुसऱ्या गाडीचं बॉनेट आधी उघडायला सांगतो. त्याचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. का, ते समजून घ्यायचं तर डिझेल इंजिनाच्या आत काय घडतं तिथपासून सुरुवात करावी लागेल. पैसे मोजून आणि जपून खर्च करायचे असतील, तर ही समज कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाला येते.

काजळी येते कुठून

पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा आधी मिसळतात आणि मग ठिणगीने पेटतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. पिस्टन नुसती हवा दाबतो, तीही मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत. इतकी दाबली गेलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत इंजेक्टर डिझेलचा बारीक फवारा सोडतो आणि तो आपोआप पेट घेतो. हाच डिझेलचा मोठा गुण. जास्त दाबामुळे इंधनातल्या उष्णतेचा मोठा वाटा चाकांपर्यंत पोहोचतो, म्हणून अॅव्हरेज चांगलं आणि कमी आरपीएमलाही ओढ भरपूर. पण फवाऱ्याला हवेत मिसळायला सेकंदाचा अगदी छोटा अंश मिळतो. थेंबाच्या कडेचं इंधन जळतं, आतल्या भागाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि तिथे कार्बन उरतो. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, त्याचं कारण हेच: तेल भरपूर, हवा अपुरी.

इंजिन पूर्ण तापलेलं असेल आणि एका लयीत चालत असेल तर ही काजळी कमी होते. थंड इंजिनात ती वाढते, कारण सिलिंडरच्या गार भिंतीला लागलेलं इंधन नीट जळत नाही. त्यात डिझेल इंजिन तापायलाही पेट्रोलपेक्षा जास्त वेळ घेतं, कारण ते उष्णता कमी वाया घालवतं. म्हणजे दोन-तीन किलोमीटरवर मुलाला शाळेत सोडून परत येणारी डिझेल गाडी दिवसेंदिवस तापतच नाही. शिवाय आधुनिक डिझेलमध्ये धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर नावाची झडप असते. तिच्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात. पण तो धूर काजळी घेऊनच आत येतो. इंजिनातून येणाऱ्या तेलाच्या वाफेशी ती काजळी मिसळली की हवेच्या मार्गात काळा चिकट थर बसत जातो. गाडी उचलत नाही, अॅव्हरेज पडतं, आरपीएम हलतो. मीटरवरचा आकडा यातलं काहीही सांगत नाही.

किलोमीटरचे तास करून पाहा

विमानाच्या, जनरेटरच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनाचं वय तासांत मोजतात. कारचं किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय पडली, आणि तिथेच घेणाऱ्याची फसगत होते. वरच्या दोन गाड्यांचं गणित करून पाहू. शहरात सिग्नल, कोंडी आणि उभ्या इंजिनाचा वेळ धरला तर सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर मानायला हरकत नाही. ६८,००० भागिले १८, म्हणजे जवळपास ३,८०० तास. महामार्गावर जास्त चालणाऱ्या गाडीची सरासरी ताशी ५० धरू. १,६०,००० भागिले ५०, म्हणजे ३,२०० तास. ज्या गाडीला आपण जास्त चाललेली म्हणतो तिचं इंजिन प्रत्यक्षात कमी वेळ फिरलेलं आहे. आता स्टार्ट मोजा. शहरातली गाडी एका स्टार्टमध्ये सरासरी ५ किलोमीटर जात असेल तर तिने १३,६०० वेळा सेल्फ मारलेला आहे. दुसरी एका स्टार्टमध्ये ६० किलोमीटर जात असेल तर २,७०० वेळाही नाही. इंजिनाच्या झिजेचा मोठा भाग थंड स्टार्टनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत होतो, कारण ऑइल दाट असतं आणि सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो. क्लच, गिअर आणि ब्रेक यांचा वापरही महामार्गावर कितीतरी कमी होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग तीन लाख किलोमीटर फिरलेली कंपनीच्या कॅबची गाडीच का घेऊ नये? तिचं इंजिन तर कधी थंडच पडत नाही. उत्तर याच गणितात आहे. चाकण-हिंजवडीच्या कोंडीत फिरणाऱ्या गाडीची सरासरी ताशी ३० धरली तरी तीन लाखांचे १०,००० तास होतात. म्हणजे स्टार्ट कमी, तास मात्र तिप्पट. टी परमिटवरून, म्हणजे भाड्याच्या वापरातून, खासगी केलेली गाडी आरसीवरून आणि वाहन पोर्टलवरच्या नोंदीवरून ओळखता येते. पांढरी नंबरप्लेट बसली म्हणून तिचा इतिहास बदलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दीड लाखानंतर टर्बो, इंजेक्टर, सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग हे सगळं खर्चाला येतंच की. खरं आहे. पण यातल्या दोन प्रकारच्या खर्चांत फरक करायला हवा. बुश, बेअरिंग, शॉकअप हे आवाज करून सांगतात, भाव करताना त्यांचे पैसे वजा करता येतात आणि काम एका-दोन दिवसांत होतं. इंजेक्टर, टर्बो आणि सिलिंडरची झीज बाहेरून दिसत नाही आणि तिचं बिल पाच आकडी, कधी सहा आकडीही होतं. तुटपुंज्या बजेटवाल्याने दिसणारा दोष विकत घ्यावा, लपलेला घेऊ नये. एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. काही इंजिनांत टायमिंगसाठी साखळी असते, काहींत रबरी पट्टा. मारुती, टाटा आणि फियाटच्या अनेक गाड्यांत बसलेल्या १,२४८ सीसीच्या मल्टिजेट इंजिनात साखळी आहे. रेनॉच्या डस्टर-लॉजीमधल्या दीड लिटरच्या आणि फोक्सवॅगनच्या १.६ लिटर डिझेलमध्ये पट्टा आहे. पट्टा ठरलेल्या मुदतीत बदलला नाही आणि तुटला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन मोडतं. अशा गाडीत पट्टा बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच समजून भाव करावा.

बीएस-४ की बीएस-६

पुण्यात गाड्यांच्या धुरासाठीची बीएस-४ मानकं २०१०मध्येच आली, देशभर १ एप्रिल २०१७ला. बीएस-६ आलं १ एप्रिल २०२०ला. डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडायची मुभा होती, ती ४.५वर आली. नायट्रोजन ऑक्साइड २५०वरून ८० मिलिग्रॅमवर आले. एवढी घट नुसत्या इंजिनाच्या सुधारणेतून होत नाही. म्हणून धुराच्या मार्गात सिरॅमिकची बारीक छिद्रांची गाळणी बसली, ती डीपीएफ. काजळी तिच्यात अडकते. पण गाळणी भरली की रिकामी करावीच लागते, आणि ती काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. शहरात हळू चालणाऱ्या डिझेलचा धूर २००-३०० अंशांवरच असतो. तेव्हा गाडीचा संगणक थोडं जादा डिझेल सोडून धूर तापवतो. गाडी पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने सलग चालली तर ही सफाई पुरी होते. मध्येच इंजिन बंद केलं तर ती अर्धवट राहते, जादा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो, आणि पुढच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून. असं वारंवार झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी गाळणी बदलायची वेळ येते.

म्हणून बीएस-६ची जुनी डिझेल गाडी फक्त शहरात वापरलेली असेल, तर तिचं कमी रनिंग हा गुण मानू नये. आणि कुणी डीपीएफ ‘काढून दिला आहे, आता त्रास नाही’ असं सांगत असेल तर तिथून निघावं. ते बेकायदा आहे, आणि ती काजळी जाते ती आपल्याच शेजाऱ्यांच्या छातीत. बेताच्या बजेटमध्ये मिळणाऱ्या गाड्या बहुधा बीएस-४ असतात. बहुतेकींत डीपीएफ नाही, म्हणून त्या सांभाळायला सोप्या. पण म्हणूनच त्या जास्त कण सोडतात हेही तितकंच खरं. गल्लीतल्या छोट्या फेऱ्यांसाठी जुनं डिझेल घेणं खिशाला परवडत नाही आणि हवेलाही नाही. इथे दोन्ही हिशेब एकाच बाजूला झुकतात, आणि त्याचा विचार घेणाऱ्याने करायलाच हवा.

आपला रस्ता कोणता

त्यामुळे गाडी बघण्याआधी स्वतःचा रस्ता बघावा. लिटरमागे पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरू. सात आसनी गाडी पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १८ किलोमीटर देते असं मानलं, तर किलोमीटरला आठ रुपये आणि पाच रुपये पडतात. फरक तीन रुपयांचा. वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे १८,००० रुपये वाचतात, आणि डिझेलचं थोडं महाग ऑइल, फिल्टर आणि एखादी मोठी दुरुस्ती ते सहज खाऊन टाकतात. १८,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ५४,००० वाचतात. तिथे डिझेलला अर्थ आहे. देहूरोडहून चाकणला कामाला जाणाऱ्याचं अंतर एका बाजूला वीस-पंचवीस किलोमीटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२ ते १५ हजार किलोमीटर इथेच झाले, वर गावाकडच्या फेऱ्या. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकायचं असलं तरी एवढ्या अंतरात इंजिन पूर्ण तापतं, म्हणून बीएस-४ डिझेलला हा रस्ता चालतो. डीपीएफवाल्या गाडीला मात्र अधूनमधून मोकळा रस्ता हवा. तो देहूरोडला जवळ आहे: एक्स्प्रेस वे इथूनच जवळ सुरू होतो, कात्रज बायपास इथे येऊन मिळतो. ज्याचं काम निगडी-प्राधिकरणातच आहे, त्याने डिझेलचा नाद सोडावा हे स्पष्ट सांगायला हवं.

मग सीएनजी का नको? किलोला ९० रुपये आणि किलोमागे २२ किलोमीटर धरले तर खर्च चार रुपयांच्या आसपास, म्हणजे डिझेलहून कमी, आणि धूरही स्वच्छ. माणसांची ने-आण करायची असेल तर सीएनजीच घ्यावी. पण बहुतेक जुन्या सीएनजी गाड्यांत सिलिंडर डिकीतच बसतो, आणि एस्टेट, म्हणजे मागे लांब सपाट जागा असलेली कार, शोधणाऱ्याला नेमकी तीच जागा हवी असते. अवजारांच्या पेट्या, गावाहून आणायची ज्वारीची पोती, लांबट सामान, हे सगळं सिलिंडरच्या उरावर ठेवता येत नाही.

पिंपरीत जन्मलेली एस्टेट

छप्पर मागच्या टोकापर्यंत सरळ गेलेलं, मागचं दार वर उघडणारं आणि सीट पाडल्या की लांबलचक सपाट जागा देणारी कार म्हणजे एस्टेट. ही गाडी आपल्याला परकी नाही. १९९२ची टाटा एस्टेट आणि २००४ची इंडिगो मरीना या दोन्ही टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून आल्या. देहूरोडपासून पिंपरी काही फार लांब नाही. पण डिकी बाहेर काढलेली गाडी म्हणजे मोठी गाडी, हे समीकरण ग्राहकांच्या मनात घट्ट होतं, आणि एस्टेट टिकली नाही. आज मरीना सापडलीच तर तिची किंमत मोहात पाडेल. तिचं साधं डिझेल इंजिन इथल्या फिटरांना पाठ आहे. तरी तिच्या पहिल्या नोंदणीची १५ वर्षं संपलेली असणार, आणि काचा, दारांची रबरं, मागचे दिवे असे तिचेच खास भाग मिळवणं कठीण. आवड म्हणून घ्यावी. रोजच्या कामाला भरवशाची गाडी हवी असेल तर नाही.

एस्टेटची जागा आपल्याकडे तीन रांगांच्या गाड्यांनी घेतली. मागची रांग पाडली की तीच लांब फरशी मिळते. २०१२मध्ये आलेली डिझेल एर्टिगा यात सगळ्यात शहाणी निवड वाटते, कारण तिचं मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायरपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं की त्याचे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही प्रत्येक पेठेत सापडतात. होंडा मोबिलिओ आणि रेनॉ लॉजी जास्त ऐसपैस आहेत आणि मागणी कमी असल्याने स्वस्त मिळतात. पण त्या बंद झालेल्या गाड्या आहेत, सुट्या भागांची वाट पाहायची तयारी हवी. शेवरले २०१७च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवून गेली, तळेगावचा तिचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. तिची एन्जॉय स्वस्त दिसते ती म्हणूनच. इनोव्हाचं नाव या यादीत नाही, कारण तिच्या नावाचीच किंमत वेगळी मोजावी लागते, आणि त्या पैशात बाकीच्यांपैकी कमी वयाची गाडी येते.

थंड इंजिनाची परीक्षा

गाडी बघायला सकाळी लवकर जावं आणि आधी सांगून ठेवावं की इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल तर कुणीतरी अवघड स्टार्ट आधीच उरकून घेतला आहे. थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू व्हायला हवं. सुरुवातीला क्षणभर पांढरट वाफ चालते. जळकट वासाचा पांढरा धूर मिनिटभर टिकला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन कमजोर आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. अॅक्सिलरेटर दाबल्यावर काळ्या धुराचा लोट म्हणजे इंधन जास्त, हवा कमी: फिल्टर, टर्बो किंवा ईजीआर तपासायला हवं. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करावं. थोडी वाफ येणारच, पण झाकण थडथडत उडायला लागलं, धुराचे फटकारे आले, तर फिटर ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. रिंगा झिजल्या आहेत, जळलेला वायू खाली उतरतो आहे. गाडी घेऊ नये. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्या दिवसांत काळं होतं.

त्यानंतर गाडी सोमाटणे फाट्यापर्यंत नेऊन आणावी. चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम अॅक्सिलरेटर दाबला की २,००० आरपीएमच्या आसपास ओढ स्वच्छ जाणवली पाहिजे. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट गेली. परत आल्यावर स्कॅनर लावून चारही इंजेक्टरांची करेक्शनची मूल्यं बघावीत. एखादा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर त्याचे दिवस भरत आले आहेत.

> चौकट: मीटर मागे फिरवलं आहे का?
> अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात; ते आकडे एका ओळीत चढत गेले पाहिजेत. टायरवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २०१५च्या, ‘फक्त ३०,००० चाललेल्या’ गाडीवर दुसरा-तिसरा संच दिसला तर खुलासा मागावा. पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड हात लावून पाहावी. आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: ‘गाडी किती चालली’ याच्याआधी ‘रोज कुठून कुठे जायची’ हे विचारावं.

कागद आणि राखून ठेवलेले पैसे

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. एप्रिल २०१३च्या पासिंगची गाडी २०२८च्या एप्रिलपर्यंत. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. कारसाठी हे शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांऐवजी ५,००० झालं, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणून उरलेली वर्षं हा किमतीचाच भाग आहे. दिल्ली किंवा हरियाणाच्या नंबरची नवीकोरी दिसणारी गाडी फार स्वस्त मिळत असेल तर कारण समजून घ्यावं. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५मध्ये बंदीचा आदेश दिला, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. पण तिची एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि इथला एकरकमी कर धरला की स्वस्ताई बरीच ओसरते. शिवाय ती आयुष्यभर कोंडीत चाललेली असू शकते. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, ई-चलनं भरली आहेत का, हे पैसे देण्याआधी बघावं. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या म्हणजे काम संपलं असं नाही, नाव प्रत्यक्ष बदलेपर्यंत पाठपुरावा करावा.

चार लाखांचं बजेट असेल तर गाडी साडेतीन लाखांपर्यंतचीच बघावी. उरलेल्या पैशांतून पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलावं, पट्टा असेल तर तो, आणि बॅटरी-टायर कुठवर आले आहेत ते पाहावं. यात डिझेल फिल्टरवर कंजुषी करू नये. कॉमन रेल इंजेक्टर १,६०० बारच्या आसपासच्या दाबाने काम करतात आणि त्यांची छिद्रं केसाइतकी बारीक असतात. डिझेलमधला पाण्याचा थेंब त्यांना गंज आणतो. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळा संपला की तो एकदा उघडून घ्यावा.